आधी तीन स्प्रिंट, मग परीक्षा

पत्र

मी हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत जावा डेव्हलपर आहे. नऊ वर्षं झाली. वय ३४, मूळची मिरजेची, मुलगी चार वर्षांची. वर्षभर मनात घोळतंय की स्क्रम मास्टर व्हावं, म्हणजे टीमची काम करायची पद्धत नीट चालावी यासाठी मदत करणारी. मॅनेजरना विचारलं तर म्हणाले, "आधी सर्टिफिकेशन करा, मग बघू." एक क्लासवाले शनिवार-रविवारचा कोर्स आणि पास होण्याची हमी देतायत. परीक्षा कुठली देऊ, सीएसएम, पीएसएम की सेफ? नवरा म्हणतो, नऊ वर्षांचं कोडिंग कशाला सोडतेस?

आमचे स्क्रम मास्टर रोज प्रत्येकाला "काल काय केलं, आज काय करणार" विचारतात आणि जिरा (एकेक काम तिकीट म्हणून नोंदवायचं सॉफ्टवेअर) अपडेट करायला लावतात. काम तेवढंच असेल तर मला आवडेल का, हेही कळत नाही. पण गेल्या दिवाळीआधी आमचा रिलीज अडकला होता. टेस्टर आणि बॅकएंडचा मुलगा तीन दिवस मेलवर भांडत होते. मी दोघांना बोर्डासमोर बसवलं आणि रिक्वेस्ट कुठून कुठे जाते ते काढायला लावलं. चाळीस मिनिटांत कळलं की दोघं दोन वेगळ्या एन्व्हायर्नमेंटबद्दल (सॉफ्टवेअर चालवून बघायच्या जागांबद्दल) बोलत होते. त्या संध्याकाळी घरी जाताना जितकं छान वाटलं, तितकं कोड लिहून बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर नवी मुलं एआय टूल घेऊन भराभर कोड लिहितात, त्याचीही भीती वाटते. मी पळतेय का?

— नाव छापू नये, पुणे

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा परीक्षांची नावं डोळ्यांसमोर आली, दुसऱ्यांदा ती दिवाळीआधीची संध्याकाळ. परीक्षेचं सांगतेच, त्याला फार जागा लागणार नाही. पण "मी पळतेय का" याचं उत्तर आधी द्यायला हवं. भांडणाऱ्या दोघांना एका बोर्डासमोर बसवा, असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अप्रेझलमध्ये त्याचा रकानाही नव्हता. तरी तुम्ही ते केलंत, आणि घरी जाताना तुम्हाला हलकं वाटलं. ही ओढ खरी आहे. तिच्या शेजारी भीती आहे म्हणून ती खोटी ठरत नाही.

फक्त त्या भीतीच्या जोरावर निर्णय घेऊ नका. भीतीपोटी जिकडे जाल ती जागा कोडिंगपेक्षा सुरक्षित नाही. जानेवारी २०२३ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकन बँकेने अजाइलची (छोट्या टप्प्यांत, वरचेवर बदल करत काम करायची पद्धत, स्क्रम हा तिचाच एक प्रकार) वेगळी पदंच रद्द केली. ११०० हून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ते काम इंजिनीअर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांनीच आपल्या कामासोबत करावं, असं बँकेने ठरवलं. आपल्याकडच्या सर्व्हिस कंपन्यांचे क्लायंट अशाच बँका आणि विमा कंपन्या असतात, तेव्हा तिकडचं वारं कुठे वाहतंय ते बघून ठेवा. नुसतं कॅलेंडरवर मीटिंग लावणारा, जिराचे रकाने भरून घेणारा स्क्रम मास्टर पुढे टिकणं कठीण आहे. लॉग (प्रोग्रॅमने ठेवलेल्या नोंदी) वाचू शकणारी, पाइपलाइन (कोड तपासून पुढे पाठवणारी साखळी) का अडकली ते समजणारी, आणि वर दोन माणसांना बोलतं करणारी व्यक्ती मात्र प्रत्येक टीमला हवी असते. तुमची नऊ वर्षं ही या कामातली तुमची ठेव आहे. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं इथे अर्धं बरोबर आहे.

अर्धंच, कारण कोड सोडायलाच हवा असं कुठे लिहिलेलं नाही. स्क्रम गाइड नावाची छोटी पुस्तिका आहे. केन श्वाबर आणि जेफ सदरलंड या दोघांनी ती लिहिली. नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीची जेमतेम तेरा-चौदा पानं आहेत आणि ती फुकट मिळते. तिच्यात डेली स्क्रमबद्दल, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीबद्दल, सांगताना स्पष्ट म्हटलंय, की स्क्रम मास्टर स्वतः स्प्रिंट बॅकलॉगमधलं (स्प्रिंट म्हणजे कामाचा काही आठवड्यांचा टप्पा, बॅकलॉग म्हणजे त्यातल्या कामांची यादी) काही काम करत असेल, तर तो तिथे डेव्हलपर म्हणून भाग घेतो. म्हणजे दोन्ही करणारा माणूस लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता. आणि का नसावा? फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि अजाइलचा जाहीरनामा लिहिला गेला. केंट बेक, वॉर्ड कनिंगहॅम, मार्टिन फाउलर, रॉन जेफ्रीज ही त्यातली नावं बघा, हाताने कोड लिहिणारी माणसं. कोड कळणाऱ्यांनी सुरू केलेली गोष्ट पुढे कोड न बघणाऱ्यांच्या हातात गेली, आणि माझ्या मते बऱ्याच टीम्सचं दुखणं तिथूनच सुरू झालं.

आता तुमच्या टीमचा स्टँडअप, म्हणजे तीच रोजची बैठक. "काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय" हे तीन प्रश्न आधीच्या गाइडमध्ये होते, २०२० च्या आवृत्तीतून ते काढले गेले. डेली स्क्रम ही पंधरा मिनिटं डेव्हलपरांची, एकमेकांशी बोलून आजचा बेत नीट करण्यासाठी. स्क्रम मास्टरला हिशोब द्यायची ती वेळ नव्हे. तुमच्याकडे चालतं ते हजेरी घेणं आहे, आणि ते बघून तुम्हाला हे काम नको वाटलं तर नवल नाही. पण त्या गृहस्थांबद्दल मत बनवायच्या आधी ते एकाच वेळी किती टीम सांभाळतात ते विचारून बघा. तीन-तीन टीम गळ्यात असलेल्या माणसाला हजेरीपलीकडे जायला वेळ कुठून मिळणार?

हजेरी मीही घेतली आहे. २०१२ मध्ये मी सी प्लस प्लस सोडून या कामाला लागले. शनिवार-रविवार कोर्स झाला आणि सोमवारी मी स्क्रम मास्टर होते. हातात वही घेऊन उभी राहायचे आणि सगळे माझ्याकडे बघून बोलायचे. एकमेकांकडे कुणीच बघत नव्हतं. ते सहा महिन्यांत सुधारलं. जे सुधारायला फार वेळ लागला ते वेगळंच. वरून मागणी आली म्हणून मी महिन्याच्या रिपोर्टमध्ये दोन टीमची व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं काम झालं तो आकडा, पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज) शेजारी शेजारी मांडली. मला वाटलं, आकडे आहेत, त्यात काय? पुढच्या स्प्रिंटपासून तीन पॉइंटच्या स्टोरीला, म्हणजे कामाला, पाच पॉइंट मिळू लागले. आलेख वर चढला, रिलीज होत्या तिथेच राहिल्या. त्याहून वाईट म्हणजे, टीममधली एक ज्युनियर मुलगी आधी मोकळेपणाने म्हणायची, "मला याला अजून दोन दिवस लागतील." ती ते म्हणायचं थांबली. तिचा तो मोकळेपणा परत यायला जवळपास वर्ष गेलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. स्टोरी पॉइंट हा शब्द स्क्रम गाइडमध्ये नाहीच, हे मला तेव्हा माहीत असतं तर निदान "हा आकडा वर देता येणार नाही" असं म्हणायला तोंड उघडलं असतं. कोर्सच्या दोन दिवसांत मी स्लाइड बघितल्या होत्या. ती तेरा-चौदा पानं मात्र स्वतः वाचली नव्हती.

तुम्ही सर्व्हिस कंपनीत आहात, म्हणून आणखी एक गोष्ट. कुठल्याही कोर्समध्ये ती फारशी सांगत नाहीत. आपल्याकडे प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणारा माणूस, बहुधा क्लायंटकडे, सातासमुद्रापार बसलेला असतो. इथे त्याच्या जागी एखादा बिझनेस अनॅलिस्ट किंवा लीड उभा केलेला असतो, त्याला निर्णयाचा अधिकार नसतो. कॉन्ट्रॅक्टमध्ये कामाची यादीही ठरलेली आणि तारीखही ठरलेली. अशा ठिकाणी स्प्रिंट रिव्ह्यू (स्प्रिंटअखेर झालेलं काम दाखवून बोलायची बैठक) म्हणजे नुसता डेमो. बघणारे "गुड जॉब टीम" म्हणतात आणि निघून जातात. बघून काही बदलायचं असतं, म्हणून तो रिव्ह्यू असतो. बदलायची मुभाच नसेल तर स्क्रम मास्टरने काय करायचं? मी हे बारा-तेरा वर्षं बघतेय. कॉन्ट्रॅक्ट आपल्याच्याने बदलत नाही. पण क्लायंटच्या खऱ्या प्रॉडक्ट ओनरला रिव्ह्यूला अर्धा तास यायला राजी करता येतं. प्रत्येक स्प्रिंटला एका ओळीचं ध्येय लिहून घेता येतं. "हे पंचवीस तिकिटांचं गाठोडं कशासाठी आहे?" हा प्रश्न दर पंधरा दिवसांनी न थकता विचारता येतो. एका टीममध्ये असा प्रश्न विचारता विचारता आठव्या महिन्यात क्लायंटच्या बाईंनी स्वतःहून सात तिकिटं काढून टाकली होती. या कामात असा धीर लागतो. तुमच्याकडे तो आहे का, हे तुम्हालाच तपासावं लागेल.

आणि वेळ. क्लायंट अमेरिकेत असेल तर त्यांची सकाळ म्हणजे आपली रात्र. डेव्हलपरला स्टँडअप संपला की लॅपटॉप मिटता येतो. स्क्रम मास्टरला त्यानंतरही "पाच मिनिटं आहेत का?" असे फोन येतात. मुलगी चार वर्षांची आहे. रात्री साडेआठ ते दहा या वेळेत तिला जेवू कोण घालणार, झोपवणार कोण, हे तुम्ही दोघांनी बसून आधी ठरवा. कोडिंग सोडू की नको या वादापेक्षा हे बोलणं जास्त गरजेचं आहे.

मॅनेजर म्हणाले, आधी सर्टिफिकेशन, मग बघू. मी म्हणते, आधी तीन स्प्रिंट. दोन-दोन आठवड्यांचे असतील तर दीड महिना. नोकरी तीच, पद तेच.

पहिल्या स्प्रिंटमध्ये कुणाला काही सांगू नका, नुसतं मोजा. जिरामधून अलीकडे पूर्ण झालेली वीस तिकिटं काढा. प्रत्येकाची हिस्टरी उघडून बघा, ते कुठल्या रकान्यात किती दिवस पडून होतं. प्रत्यक्ष कोड लिहायला लागलेले दिवस थोडे आणि वाट बघण्यात गेलेले जास्त, असंच मला जवळपास दरवेळी दिसलंय. रिव्ह्यू करणाऱ्याची वाट, टेस्ट एन्व्हायर्नमेंट मोकळं होण्याची वाट, क्लायंटच्या एका "हो" ची वाट. तुमच्या त्या तीन दिवसांच्या भांडणासारखे किती दिवस आणखी कुठे कुठे सांडलेत ते या वीस तिकिटांत सापडेल. हे डेव्हलपरला जितकं पटकन दिसतं तितकं बाहेरून आलेल्याला दिसत नाही.

दुसऱ्या स्प्रिंटच्या शेवटी तुमच्या स्क्रम मास्टरना म्हणा, "यावेळचा रेट्रो मी घेऊ का?" रेट्रो म्हणजे स्प्रिंटअखेर आपण काम कसं केलं ते तपासायची बैठक. बहुतेक आनंदाने हो म्हणतील. इथे आपल्या स्वभावाचा एक अडसर असतो. सीनियर बोलल्याशिवाय ज्युनियर तोंड उघडत नाहीत, आणि सीनियर बोलून झाले की उरलेले माना डोलावतात. म्हणून पहिली पाच-सात मिनिटं कुणीच बोलायचं नाही, सगळ्यांनी चिठ्ठ्यांवर लिहायचं. मग चिठ्ठ्या भिंतीवर. मॅनेजर स्क्रम टीमचे सदस्य नसतील तर ते त्या खोलीत नसलेले बरे, हे आधीच आदराने बोलून घ्या. शेवटी दहा गोष्टी ठरवू नका. एकच ठरवा, ती कोण करणार त्याचं नाव लिहा आणि पुढच्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये टाका. वीस तिकिटांचा तुमचा कागद इथे बाहेर काढा, पण त्यावर माणसांची नावं असू देऊ नका.

तिसरा स्प्रिंट खरी परीक्षा घेतो. टीमच्या बाहेरचा एक अडथळा उचला. समजा, दोन प्रोजेक्टमध्ये मिळून एकच टेस्ट एन्व्हायर्नमेंट आहे. दुसऱ्या प्रोजेक्टच्या लीडशी बोला, इन्फ्राच्या (सर्व्हर सांभाळणाऱ्या) माणसाशी बोला, तिकीट टाका, पाठपुरावा करा, पुन्हा बोला. तुमच्या हातात कसलाही अधिकार नसेल. कोणी तुम्हाला बांधील नसेल. कोडमध्ये चूक सापडली की दुरुस्त होते. इथे चूक सापडूनही माणूस "सोमवारी बघतो" म्हणतो आणि सोमवार येतो नि जातो. हे करताना तुम्हाला चीड आली तरी हरकत नाही, सगळ्यांनाच येते. पण संध्याकाळी घरी जाताना त्या दिवाळीआधीच्या संध्याकाळची आठवण झाली, तर पुढे चला. आणि एडिटर उघडून शांत बसावंसं वाटलं, तर दीड महिन्यात मोठा घोटाळा टळला म्हणायचं. तेव्हा टेक लीडची वाट आहे, आर्किटेक्टची आहे. एआय टूल तुम्हीही शिकू शकता, नऊ वर्षांच्या नजरेला ते टूल कुठे चुकतंय हे नव्या मुलांपेक्षा लवकर कळतं.

आता परीक्षा. सीएसएम (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) ही स्क्रम अलायन्स या संस्थेची. तिला कोर्स सक्तीचा आहे, तोही त्यांच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडेच. मग ५० प्रश्न, एक तास, ३७ बरोबर आले की पास. दर दोन वर्षांनी नूतनीकरण, त्याला १०० डॉलर आणि शिकत असल्याचे २० गुण दाखवावे लागतात. पीएसएम (प्रोफेशनल स्क्रम मास्टर) ही स्क्रम डॉट ऑर्गची, ती संस्था श्वाबर यांनी २००९ मध्ये काढली. तिच्या पहिल्या पातळीला कोर्सची सक्ती नाही. ८० प्रश्न, तोच एक तास, ८५ टक्के हवेत, म्हणजे ६८ बरोबर. प्रश्नाला पाऊण मिनिट मिळतं. एकदा मिळालं की नूतनीकरण नाही.

कंपनी पैसे देत असेल तर सीएसएम करा. चांगला प्रशिक्षक मिळाला तर वर्गातल्या चर्चेतून बरंच हाती लागतं, आणि इथल्या जाहिरातींमध्ये ते नाव ओळखीचं आहे. स्वतःच्या खिशातून भरायचं असेल तर पीएसएम. गाइड चार-पाच वेळा नीट वाचा, मग स्क्रम डॉट ऑर्गवरची तीस प्रश्नांची फुकट चाचणी द्या, सलग काही वेळा पूर्ण गुण मिळेपर्यंत. या परीक्षेत अनुभवी लोक ऑफिसच्या सवयीने चुकतात. स्प्रिंट रद्द कोण करू शकतो? ऑफिसमध्ये मॅनेजर, गाइडप्रमाणे फक्त प्रॉडक्ट ओनर. कामाचा अंदाज कोण देतो? ऑफिसमध्ये लीड, गाइडप्रमाणे जे काम करणार ते डेव्हलपर. सेफचं सर्टिफिकेट आत्ता नको. अनेक टीम एकत्र बांधून काम करणाऱ्या मोठ्या कंपन्यांत ते मागतात आणि ते दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. तुम्हाला हवी असलेली एखादी जागा ते नाव घेऊन समोर आली, तर तेव्हा करा.

क्लासवाल्यांच्या हमीचं काय? सीएसएमचा कोर्स मन लावून केलेल्या माणसाला ५० पैकी ३७ अवघड नाहीत, आणि तीन महिन्यांच्या आत दिली तर फीमध्येच दुसरी संधीही असते. तेव्हा हमी देणारा तुम्हाला नेमकं काय विकतोय ते विचारा. प्रशिक्षकाचं पूर्ण नाव घ्या आणि स्क्रम अलायन्सच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे नाव नसेल तर पैसे देऊ नका. आणि हमी म्हणजे परीक्षेच्या प्रश्नांची फाइल असेल, तर तिला हातही लावू नका. उद्या तुम्ही टीमला म्हणणार की काम झालं नसेल तर "झालं" म्हणू नका. त्या कामाची सुरुवात पाठ केलेल्या उत्तरांनी कशी करणार?

सर्टिफिकेट निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. रिझ्युमे चाळणाऱ्याच्या चाळणीतून ते तुम्हाला पुढे काढतं, तेवढ्यासाठी ते हवंच. त्यानंतर इंटरव्ह्यूमध्ये समोरचा विचारतो, "स्प्रिंटच्या मध्यात क्लायंटने नवं काम टाकलं, तुम्ही काय केलंत?" तिथे सर्टिफिकेट गप्प बसतं. तुमच्याकडे मात्र वीस तिकिटांचा कागद असेल, एका रेट्रोची गोष्ट असेल, आणि मिटलेलं किंवा न मिटलेलं एन्व्हायर्नमेंटचं भांडण असेल. न मिटलेलं असेल तर तेही सांगा. का मिटलं नाही हे नीट सांगणारा उमेदवार मला नेहमी जास्त भरवशाचा वाटला आहे.

मॅनेजरकडे पुन्हा जाल तेव्हा पदाबद्दल बोलू नका. "सर, मी सर्टिफिकेशनची तयारी करतेय. तोवर आपल्याच टीमचा एक रेट्रो घेऊन बघते, आणि तिकिटं कुठे अडकतात त्याचा एक कागद तुम्हाला दाखवते," इतकंच म्हणा. याला नाही म्हणायला त्यांना कारण सापडणार नाही. तो कागद टेबलावर ठेवाल त्या दिवशी, पुढच्या सहा महिन्यांत निम्मा वेळ कोड आणि निम्मा वेळ स्क्रम मास्टर असं करता येईल का, ते विचारा. उत्तर मेलवर घ्या. "बघू" असंच पुन्हा आलं, तर तोच कागद आणि तोवर हाती आलेलं सर्टिफिकेट घेऊन बाहेर अर्ज करायला सुरुवात करा. तुमचा नोटीस पिरियड किती दिवसांचा आहे, तेही आजच ऑफर लेटर काढून बघून ठेवा.